आरोग्यमंत्री महोदय, फाइल बाहेर पाठवू नका, अभ्यासकाला आत बोलवा

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस

सप्रेम नमस्कार. हिंदी प्रत सोबत आहेच. ही मराठी प्रत इंदूरकरांच्याही डोळ्यांखालून जावी म्हणून.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी आपल्याच शहडोलहून सुरू झाली. झाबुआ-अलीराजपूरकडच्या तपासण्यांच्या नोंदी संशोधकांना मिळायलाच हव्यात. हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचे औषध कुठे किती लागेल, नवजात बाळांची तपासणी आधी कोणत्या तालुक्यात हवी, हे त्यांतूनच कळणार. गोपनीयतेच्या नावाखाली कपाटाला कुलूप घालणे आम्हाला मान्य नाही. अडते ते नोंदी देण्याच्या पद्धतीपाशी.

एक्सेलमधला नावाचा रकाना पुसायचा आणि फाइल ईमेलने रवाना करायची, याला ओळख पुसणे म्हणत नाहीत. गाव, जन्मतारीख, लिंग तसेच राहते. चारशे वस्तीच्या फलियात, म्हणजे वाडीत, 14 मार्च 2009 ला जन्मलेली मुलगी बहुधा एकच. तिच्या ओळीत ‘वाहक’ (सिकलसेलचे जनुक अंगी आहे, पण आजार नाही) असे असेल, तर सोयरीक ठरताना काय होईल ते आपण जाणताच. वाहक धडधाकट असतो हे तेव्हा कोण ऐकतो? शिवाय आईबापांपैकी एकात तरी ते जनुक असणार, हेही त्याच ओळीतून उघड होते. त्यांना कुणी विचारले?

मोबाइल क्रमांकाचे नुसते हॅश करणे, म्हणजे ठरावीक सूत्राने त्याची सांकेतिक अक्षरमाळ बनवणे, हेही फसवे आहे. आपले क्रमांक दहा आकडी, सुरुवात 6 ते 9 ने. म्हणजे शक्यता फक्त 400 कोटी. साधा संगणक त्या सगळ्या ताडून मूळ क्रमांक काढतो. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळावी आणि ती डेटा घेणाऱ्याच्या हाती देऊ नये.

जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी तालुका पुरतो. गटात दहांहून कमी माणसे उरली तर गट मोठा करा. नुसता आकडा झाकून भागत नाही: बेरीज 41, उघडे गट 22 आणि 16, मग झाकलेले 3 शाळकरी पोरही सांगेल.

खरे तर फाइल बाहेर जाऊच नये. एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात इंटरनेट नसलेल्या संगणकांची एक खोली पुरे. अभ्यासकाने बनावट नोंदींवर प्रोग्राम लिहावा, तो खऱ्या नोंदींवर आत चालवावा आणि बाहेर फक्त तपासलेले तक्ते न्यावेत. ब्रिटनच्या ओपनसेफली या आरोग्य-नोंदींच्या संशोधन व्यवस्थेने कोविडकाळात याच धर्तीवर काम केले.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण त्या डेटावरून कुणा एका व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. विमा, नोकरी यांसाठी वापर नाही, हे करारात स्पष्ट लिहावे. संमती भिलीत समजावून घ्यावी. औषध-चाचण्यांवरून इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका 2012 साली सर्वोच्च न्यायालयात गेली होती. कागदावरचा अंगठा आणि खरी समज यांतले अंतर या शहराला नवे नाही.

नोंदी कुणाला, कशासाठी, कोणत्या रकान्यांसह आणि कधीपर्यंत दिल्या, याची यादी दर महिन्याला विभागाच्या संकेतस्थळावर लावावी. आधी गेलेल्या फाइलींपासूनच सुरुवात व्हावी, ही विनंती.

आपले,
इंदूरमध्ये रुग्णनोंदी व वैद्यकीय सांख्यिकीचे काम करणारे काही नागरिक