तळाचा मासा तळावरच पाहावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनांत खोल समुद्राचे तक्ते असतात. ब्लॉबफिश त्यांवर हमखास लिबलिबीत, नाक लोंबलेला दिसतो. हे रूप जाळ्यातून वर ओढताना बिघडलेल्या माशाचे आहे. ६०० ते १,२०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब त्याचे जेलीसारखे अंग सावरून धरतो. तिथे तो चारचौघा माशांसारखाच दिसतो.

म्हणून निरीक्षण तळावरच करावे लागते. धातूच्या चौकटीवर कॅमेरा, दिवे, बॅटऱ्या आणि आमिषाचा बांगडा बांधून ती वजनांसह सोडतात. काम झाले की जहाजावरून ध्वनिसंकेत देतात. वजने धरून ठेवणारा आकडा सुटतो, वजने तळाशीच राहतात आणि तरंगत्या गोळ्यांमुळे चौकट वर येते. आकडा अडकला, तर यंत्र आणि चित्रण दोन्ही जाते. कॅमेऱ्याच्या सीलखाली एखादा केस राहिला तरी पाणी शिरते, कारण दर १० मीटरला जवळपास एक वातावरण (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो. पांढऱ्या उजेडाने मासे बिचकू शकतात. लाल उजेड बहुतेकांना दिसत नाही, पण पाणी तो लवकर शोषते, त्यामुळे कॅमेरा आमिषाच्या जवळ हवा.

२०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत अशाच कॅमेऱ्याने ८,३३६ मीटरवर पोहणारा स्नेलफिश टिपला!

तक्त्यावर खोली लिहावी आणि चित्र पाण्यातले की जहाजाच्या डेकवरचे, हेही नोंदवावे, ही शिक्षकांना कळकळीची विनंती.

सागरी जीवशास्त्राचे अभ्यासक, नाशिक