धारूरच्या घाटात भेटलेल्या मामांना

ती. मामा, सा. न. वि. वि.

तुमचा नातू म्हणाला, आबा फोनवर धड बोलत नाहीत, लिहून पाठवा, मी वाचून दाखवतो. म्हणून हे पत्र. चारचौघांसमोर लिहितोय, कारण शंभर सीसीची जुनी गाडी आपल्याकडं घरोघर आहे आणि तुम्ही मला जे फुकटात दाखवलंत त्यापायी लोक गॅरेजात खिसे रिकामे करतात.

तेलगाव सोडून घाट लागला की माझी गाडी नुसती रडायची. रेस दिली की आवाज चढायचा, गाडी जागच्या जागी. मागं उसाचे ट्रॅक्टर हॉर्न मारतायत आणि आपण वळणावर पाय टेकवून उभे! गावातल्या एका गॅरेजवाल्यानं गाडी चालवून न बघताच निकाल दिला होता: रिंग-पिस्टन गेलं, इंजिन उतरवावं लागंल.

तुमची हयात एसटीच्या डेपोत गेलेली. तुम्ही पाना मागितला नाहीत, चावी मागितलीत. एक चक्कर मारून आलात आणि म्हणालात, "वरडती किती अन् पळती किती, तेवढंच ऐक. इंजिन गेलं असतं तर तिला इतकं वरडायलाच आलं नसतं." धूर नाही, आवाज भरदार, मग ताकद तयार होतेय पण चाकापर्यंत जात नाही. चेन दात सोडत असती तर खटखट झटके बसले असते. इथं तसं काही नव्हतं, इंजिनाची ताकद चाकाकडं जोडणारा क्लच नुसता मऊ सुटत होता. आपल्या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो, तुमचा कानच काटा.

मग ती उभ्या गाडीची परीक्षा. गाडी चालू, टॉप गिअर, ब्रेक गच्च दाबलेला, थोडी रेस आणि क्लच हळूहळू सोडायचा. चांगला क्लच असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडतं. माझं गुरगुरत राहिलं. तुम्ही लगेच गाडी बंद केलीत, कारण हा प्रयोग लांबवला तर उरल्यासुरल्या प्लेटाही जळतात.

त्यानंतर तुम्ही ज्या क्रमानं गेलात तो मला सगळ्यात आवडला. आधी बिनपैशाचं, मग थोड्या पैशाचं, खोलायचं सगळ्यात शेवटी. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल पाहिजे. माझी वायर इतकी ताणलेली की काहीच नव्हती, म्हणजे हात न लावता क्लच अर्धवट दाबलेलाच. ॲडजस्टर फिरवून तुम्ही ती ढिली केलीत. थंड गाडी ठीक चालली, तापल्यावर पुन्हा सुटायला लागली. तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्याल कोणतं हाय?"

तेल त्याच गॅरेजात बदललं होतं आणि कारचं टाकलं होतं. तुमचं म्हणणं असं, की बसचा क्लच कोरडा, त्याला इंजिनच्या तेलाशी घेणंदेणं नाही. मोटरसायकलच्या क्लच प्लेटा मात्र त्याच तेलात भिजलेल्या. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारं औषध असतं, ते इंजिनला मानवतं पण या प्लेटांना एकमेकींना धरू देत नाही. डब्याच्या मागं 'जासो एमए' किंवा 'एमए 2' (दुचाकीच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघून घ्यायचं. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं. डबा उलटा करून वाचायची सवय आता आमच्या अख्ख्या गल्लीला लागली आहे, दुकानदार वैतागलाय.

तेल बदललं. फरक पडला, पण मागं पोतं असलं की चढावर थोडं सुटायचंच. मग माजलगावात, तुम्ही सांगितलं तसं समोर उभं राहून, क्लच खोलून घेतला. घर्षणाच्या प्लेटा काळ्या आणि चकचकीत झालेल्या, लोखंडी एक प्लेट निळी पडलेली. काचेवर ठेवली तर डुलत होती. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्या, चक्क बुटक्या. प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या घातल्या. पोरगा कोऱ्या प्लेटा तशाच बसवत होता, मी आधी तेलात भिजवायला लावल्या. "कुणी शिकवलं?" म्हणाला. तुमचं नाव सांगितलं. खर्च इंजिनकामाच्या मानानं किरकोळ, आणि इंजिनाला हात लागला नाही.

पैसे काढले तेव्हा तुम्ही जे शब्द वापरलेत ते नातवाला वाचता येणार नाहीत, म्हणून गाळतो. सीताफळं मात्र घ्यावीच लागतील, परत पाठवली तर मामींकडं तक्रार करीन.

एक विचारायचं राहिलंय. प्लेटा ज्यात बसतात त्या क्लच हाऊसिंगच्या खाचांवर प्लेटांच्या दातांचे बारीक वण उठलेत, नख अडकतं. पोरगा म्हणतो कानशीनं घासून चालंल, मला पटत नाही. नातवाला फोटो पाठवलाय. बघा आणि सांगा, तोवर त्याला हात लावू देत नाही.

तुमचा,
तेलगावकडून वर येणारा जुन्या गाडीवाला