मुभा आहे, काटा नाही

शेतमालाच्या नियमनमुक्तीची पाठराखण करणारा आपला अग्रलेख वाचला. जुलै 2016मध्ये राज्याने भाजीपाल्यासह कांदा-बटाटा बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मुभा दिली. अडत, म्हणजे अडत्याचे कमिशनही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. निर्णय चांगलाच. पण आमच्या सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा नेमका परतीच्या पावसात काढणीला येतो. ओला माल घरात ठेवता येत नाही, तो त्याच रात्री टेम्पोत चढतो आणि समितीतच उतरतो. विक्रीच्या हिशेबपट्टीवर अडतीचा रकाना आता कोरा असतो. हमाली, तोलाई मात्र कापलेली, वर गोणीमागे वजनातून किलोभर ‘माती’ची सूट, माती असो-नसो! गावात वजनकाटा आणि प्रतवारीची शेड द्या, व्यापारी बांधावर येईल.

– एक बटाटा उत्पादक, ता. आंबेगाव, जि. पुणे