‘पुनरुज्जीवन’ जपून वापरा

महोदय, रंकाळ्याच्या स्वच्छतेपासून चपलेच्या प्रदर्शनापर्यंत सगळ्यालाच हल्ली बातम्यांत ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात. खंडित झालेली परंपरा पुन्हा सुरू झाली, तरच हा शब्द शोभतो. कोल्हापुरी चप्पल कधी बंद पडलीच नव्हती. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते संरक्षण. मर्दानी खेळही आखाड्यांत शिकवले जातातच, तिथे ‘संवर्धन’ लिहावे. ऑगस्ट 2024 मध्ये जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाची होते ती पुनर्बांधणी. जुन्या देवळाचा मात्र जीर्णोद्धार.

खरी गफलत ‘प्रबोधना’शी होते. युरोपातील ‘रेनेसाँ’ला मराठी पाठ्यपुस्तके प्रबोधन म्हणतात, कारण त्यात जुन्या विद्येच्या अभ्यासासोबत नवा विचारही आला. ‘पुनरुज्जीवनवादी’ म्हणजे मागे नेऊ पाहणारा. राजर्षी शाहूंनी 1902 मध्ये नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. त्या कार्याला ‘सांस्कृतिक पुनरुज्जीवन’ म्हणणे म्हणजे अर्थ उलटा करणे!

शब्द छापताना जोडाक्षरही पाहावे. उत् + जीवन = उज्जीवन, त्याआधी पुनर्. म्हणून ‘पुनरुजीवन’ आणि ‘पुनःरुज्जीवन’ दोन्ही चूक. फलकांवर तर दुसरेच जास्त दिसते.

– एक वाचक, कोल्हापूर