पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये उर्दू आणि मोडी आणा

महोदय,

पीएच.डी.च्या बातम्या येतात त्या पेटच्या (प्रवेश परीक्षेच्या) निकालाच्या, गाईडकडच्या रिकाम्या जागांच्या आणि फेलोशिपसाठीच्या उपोषणांच्या. ते प्रश्न खरेच आहेत. पण प्रवेश मिळालेल्या पोराला विद्यापीठ पुढे कोर्सवर्कच्या तासांना शिकवतं काय, हे कुणी विचारत नाही. मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. अजूनही प्रबंध तपासायला येतात, म्हणून लिहितो.

मध्यंतरी एक प्रबंध आला. विषय मराठवाड्यातला निजामकालीन जमीन महसूल, विद्यार्थी कष्टाळू. महसूल खात्याच्या एका हुकुमावर त्याने अख्खं प्रकरण उभं केलेलं. हुकुमावर सन 1357. त्याने तो हिजरी धरला, म्हणजे इसवी 1938, आणि हुकुमातला कडकपणा थेट त्या वर्षीच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाला जोडून टाकला. निजामाच्या महसुली कचेऱ्या चालत फसली सनावर, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेल्या वेगळ्या कालगणनेवर. फसली 1357 म्हणजे 1947-48, रझाकारांचा धुमाकूळ होता ते वर्ष! दहा वर्षांचा घोळ, आणि तो ना गाईडला दिसला, ना सल्लागार समितीला, ना सहामाही प्रगती अहवालात कुणाला. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तर उत्तम शेरा दिला. बरोबरच आहे, चूक अस्सल होती, कुठून उचललेली नव्हती.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारलं, मूळ कागद पाहिलात का? म्हणाला, सर, उर्दू येत नाही, एका पुस्तकातला इंग्रजी तर्जुमा वापरला. त्याला काय बोलणार? त्याच्या गाईडलाही उर्दू येत नव्हती.

1948च्या सप्टेंबरपर्यंत या मुलखाचा सरकारी कारभार उर्दूत होता, त्याआधी फारसीत. जुनी मराठी दप्तरं मोडीत. बरेचसे कागद हैदराबादला, तारनाक्याच्या अभिलेखागारात. माझ्या वडिलांची पिढी उर्दू शाळांत शिकलेली, ते असले कागद घडाघडा वाचत. ती माणसं गेली. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे हुडकत फिरावं लागलं. आणि इतिहासाचे डॉक्टर तर आपल्याकडे गल्लोगल्ली.

यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. त्यात संशोधन पद्धती आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हे दोन विषय सक्तीचे. बाकी क्रेडिटचं काय करायचं ते विद्यापीठाने ठरवायचं. पोरांशी बोललो की कळतं, गृहीतक म्हणजे काय आणि प्रश्नावली कशी तयार करावी, यातच बहुतेक तास जातात. निजामाच्या महसुलावर प्रश्नावली! भरून कुणाकडून घ्यायची?

माझं म्हणणं इतकंच, इतिहासाच्या अभ्यास मंडळाने यातली चार क्रेडिट जुने उर्दू आणि मोडी कागद वाचण्यासाठी ठेवावीत. वर्षभरात कुणी पंडित होणार नाही, पण सन, शिक्का, खात्याचं नाव आणि रक्कम वाचता यायला हरकत नाही. शिकवायला माणसं आहेत. उर्दूचे विभाग आहेत, मोडीचे जाणकारही शोधले तर सापडतात.

दुसरं, हैदराबादला राहण्याची सोय. जेआरएफ या यूजीसीच्या फेलोशिपचे महिना 37 हजार मिळवणारे मोजके; बाकीची पोरं तासिका तत्त्वावर शिकवून पोट भरतात. परळीहून थेट रेल्वे आहे, पण तिथे महिनाभर राहायचं कशाच्या जिवावर? विद्यापीठाने दरवर्षी सुट्टीत एक तुकडी पाठवावी, राहण्याचा खर्च उचलावा. एखाद्या राष्ट्रीय परिषदेच्या हारतुऱ्यांत आणि जेवणावळीत भागेल.

उर्दू वाचनाचे तास घ्यायला मी मानधनाशिवाय येईन, आठवड्यातून दोन दिवस. उन्हाळ्यात तेवढे सकाळचे ठेवा.

– एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई (जि. बीड)