तारापोर साहेब पुण्याचे, हे पुण्यालाच माहीत नाही

संपादक महोदय, स. न.

सप्टेंबर आला की १९६५ च्या युद्धावर पेपरात काही ना काही येतंच आणि त्यात अब्दुल हमीद यांचं नाव असतं, असायलाच हवं, पण त्या युद्धात परमवीर चक्र दोघांना मिळालं आणि दुसरे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेले. आमच्या ओळखीतल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

जन्म मुंबईचा, १९२३ चा. १९४२ ला हैदराबाद संस्थानच्या फौजेत अधिकारी झाले, पण मिळालं पायदळ आणि यांना हवे होते रणगाडे. एकदा ग्रेनेड फेकायचा सराव चालू होता, एका जवानाने फेकलेला ग्रेनेड लांब न जाता तिथेच पडला, तारापोरांनी झेप घेऊन तो उचलला आणि बाहेर भिरकावला, तेवढ्यात फुटलाच, छर्रे यांच्या छातीत. हे बघून फौजेचे सरसेनापती जनरल एल एद्रूस यांनी बोलावून शाबासकी दिली तर यांनी मागितलं काय, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये बदली! मला तर अख्खा माणूस या एका प्रसंगात दिसतो.

हैदराबाद भारतात आल्यावर ते पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये आले आणि ६५ ला तिथेच सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर होते. ११ सप्टेंबरला सियालकोट सेक्टरमध्ये फिलोरा घ्यायची कामगिरी पूना हॉर्सवर आली, समोरून रणगाडे आणि तोफा दोन्हींचा मारा, त्यात साहेब जखमी झाले, मागे जा म्हटलं तर गेले नाहीत. तसेच १४ ला वझीरवालीवर, १६ ला जस्सोरन आणि बुतूर डोगरांदीला, स्वतःच्या रणगाड्यावर कितीतरी गोळे बसले तरी पुढेच. रेजिमेंटने शत्रूचे ६० च्या आसपास रणगाडे उडवले, आपले गेले ९. त्याच १६ तारखेला साहेब धारातीर्थी पडले.

मन हलतं ते त्यांची निरवानिरव वाचून. पारशी माणूस, त्यांच्यात परंपरेने अग्नी देत नाहीत, पण सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मला काही झालं तर इथेच रणांगणात अग्नी द्या, प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, साखळी बायकोला, अंगठी लेकीला, ब्रेसलेट आणि पेन मुलाला. आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथेच अग्नी दिला.

सहा वर्षांनी बसंतरच्या लढाईत याच पूना हॉर्सचा एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल, त्याचा तर जन्मच पुण्याचा, रणगाडा पेटला तरी सोडायला तयार झाला नाही आणि त्यालाही परमवीर चक्र. ज्या रेजिमेंटचा सीओ जखमी होऊन मागे हटला नाही तिथली पोरं अशीच घडणार ना. २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात तारापोरही आहेत, खूप आनंद झाला, पण अंदमानला नाव आणि पुण्यात विसर असं का व्हावं?

म्हणून विनंती, यंदा १६ सप्टेंबरच्या पुणे पुरवणीत त्यांच्यावर पूर्ण पानभर लेख द्या, नुसती चौकट नको. पुण्यात पूना हॉर्सचे निवृत्त अधिकारी, जवान असतील तर त्यांना बोलतं करा आणि शाळांनीही त्या आठवड्यात त्यांना मुलांसमोर बोलवावं, पोरं ऐकतात हो, कुणीतरी सांगायला पाहिजे.

आपला,
एक जुना वाचक, पुणे