रांगेतल्या ताई आणि वर्कशॉपमधले काका

१८ पूर्ण झाली आणि बालगृह सुटलं. हातात एक बॅग आणि कागदांची फाईल. शिकाऊ उमेदवारीच्या अर्जात कायमचा पत्ता मागितलेला, तिथेच मी अडकलो. रांगेत मागे उभ्या असलेल्या ताई, तुम्ही आत जाऊन विचारून आलात आणि माझ्याबरोबर अख्खा अर्ज पुन्हा भरलात. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आणि काका, तुम्ही हात धरून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचायला शिकवलंत, ०.०२ मिलिमीटरपर्यंत. पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंत रोज अर्धा डबा माझ्यापुढे सरकवलात. पैसे महिनाअखेरीस मिळतात, भूक मात्र पहिल्याच दिवशी लागते, हे तुम्हाला न सांगता कळलं.

परवा लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, कामाला कायम झालो. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.